चुंबक लावून जुनं घड्याळ ओळखता येत नाही

‘वारशाने आलेलं घड्याळ असली की नकली, पाच मिनिटांत ओळखा’ हा संदेश आता घरातल्या थोरामोठ्यांपर्यंत पोचलाय आणि ती मंडळी खरोखरच चुंबक घेऊन बसली आहेत. दावे असे: चुंबक चिकटला तर नकली, काचेवर ब्लेडचा ओरखडा उठला तर नकली, अंधारात चमकलं तर असली, सेकंदकाटा सरकत गेला तर असली, क्रमांक जुळला की शंकाच नको.

चुंबकाचा सल्ला सगळ्यात घातक. चावीच्या घड्याळात मुख्य स्प्रिंग, चावीची दांडी, स्क्रू हे सगळं पोलादी असतं, अस्सल घड्याळात आणि नकलीतही. मग चुंबक नेमकं काय ओळखणार? १९५७ च्या ओमेगा रेलमास्टरमध्ये तर चुंबकापासून बचावासाठी मशीनभोवती मुद्दाम मऊ लोखंडाचं आवरण दिलेलं होतं. या चाचणीत ते नकली ठरेल!

नुकसान मात्र खरं होतं. चुंबकत्व लागलं की हेअरस्प्रिंगची (घड्याळाची लय सांभाळणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची) वेटोळी एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी घटते, तिच्यावर मागेपुढे डोलणारं चाक, म्हणजे बॅलन्स व्हील, घाईने डोलतं आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. चुंबकरोधक घड्याळांसाठी आयएसओ ७६४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातली अट आहे ४,८०० अँपिअर प्रति मीटर इतकं चुंबकक्षेत्र सोसण्याची, म्हणजे हवेत साधारण ६ मिलिटेस्ला. निओडिमियमच्या, म्हणजे ताकदवान चुंबकाच्या, छोट्या चकतीला घड्याळ टेकवलं तर हा आकडा सहज शंभर मिलिटेस्लाच्या वर जातो. शिवाय बहुतेक जुनी घड्याळं या मानकासाठी बनलेलीच नाहीत. चुंबकत्व लागलंच असेल तर कारागिराकडच्या डिमॅग्नेटायझरने (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्राने) ते उतरतं. स्वतः झाकण उघडून स्प्रिंगला चिमटा लावू नका.

ब्लेडचं काय सांगावं! १९५०-६० च्या दशकांतल्या बहुसंख्य घड्याळांची काच अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे प्लास्टिकची. तिच्यावर ओरखडा उठणारच.

चमकण्याचा दावा तर पूर्ण उलटा आहे. जुन्या डायलच्या चमकत्या रंगात किरणोत्सारी रेडियम किंवा नंतर ट्रिटियम असायचं. रेडियमचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे १,६०० वर्षं, पण त्याच्यासोबतचं, प्रत्यक्ष उजळणारं झिंक सल्फाइड काही दशकांतच थकतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. म्हणून १९५० चं डायल आज लख्ख उजळत असेल तर रंग नंतर भरलेला आहे. आणि मूळ रंग खरवडून पाहू नका. चमक गेली तरी रेडियम तिथेच असतं, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

सेकंदकाट्याच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे, मान्य. तासाला १८,००० ठोक्यांचं मशीन सेकंदाला पाच बारीक पावलं टाकतं, बॅटरीवरचं क्वार्ट्झ घड्याळ एकच उडी मारतं. पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, सेइको अ‍ॅस्ट्रॉन, विक्रीला आलं डिसेंबर १९६९ मध्ये. त्याआधीच्या डायलवर काटा सेकंदाला एक उडी घेत असेल तर मशीन बहुधा बदललेलं आहे. पण काटा सरकतो म्हणून घड्याळ अस्सल ठरत नाही, कारण चावीचं मशीन नकलीतही बसवतात.

क्रमांकाचंही तसंच. केसचा (बाहेरच्या धातूच्या डबीचा) आणि मशीनचा क्रमांक वेगळा असू शकतो. मशीनचा जुळला तर मशीनपुरतीच खात्री होते. कारागिराकडून योग्य हत्याराने झाकण उघडून घ्या, ब्रिजवरचा (मशीनची चाकं धरणाऱ्या पट्टीवरचा) कॅलिबर क्रमांक, म्हणजे मशीनच्या प्रकाराचा क्रमांक, आणि झाकणाच्या आतला मॉडेल क्रमांक लिहून घ्या, आणि त्या मॉडेलमध्ये ते कॅलिबर बसत होतं का ते तपासा. मशीन केसात बसवायला उपरी कडी घातलेली दिसली तर जोडणी नंतरची असण्याची शक्यता मोठी. मग दहापट भिंगातून डायल पाहा: अक्षरांच्या कडा फुटल्यात का, मिनिटांच्या रेघा खुणांशी जुळतात का, मिनिटकाटा त्या रेघांपर्यंत पोचतो का. डायल पुन्हा रंगवलेलं असेल तर घड्याळ नकली ठरत नाही, ती पूर्वीची नेहमीची दुरुस्ती होती. किंमत मात्र उतरते.