जांभई लागली म्हणून इच्छास्वातंत्र्य गेलं?

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज भेटणाऱ्या आमच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड चार जणांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: समोरचा जे करतो तेच आपण नकळत करतो, हे विज्ञानाने सिद्ध झालंय, मेंदू 10 सेकंद आधीच निर्णय घेऊन मोकळा होतो, म्हणून इच्छास्वातंत्र्य, म्हणजे काय करायचं ते आपणच ठरवतो हे, भ्रम; ज्यांचा इच्छास्वातंत्र्यावर विश्वास नाही ते तर जास्तच नक्कल करतात. आणि शेवटी, सिग्नल तोडणाऱ्याला दोष देऊ नका, त्याने फक्त पुढच्याचं पाहिलं.

नकळत अनुकरण होतं, हे खरंच. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधणाऱ्यांना ते आधीच ठाऊक होतं. 1999 साली चार्ट्रँड आणि बार्ज या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना पाय हलवणाऱ्या किंवा चेहरा चोळणाऱ्या अनोळखी माणसासोबत बसवलं, तर त्यांच्याकडूनही त्याच हालचाली जास्त झाल्या. जास्त झाल्या, एवढंच. फॉरवर्डमध्ये त्याचं ‘तेच करतो’ झालंय, गोम तिथे आहे.

नकळत नक्कल करण्याची ही ओढ मोजणारा गाजलेला प्रयोग मार्सेल ब्रास आणि सहकाऱ्यांचा, 2000 सालचा. पडद्यावर 1 आकडा आला की तर्जनी उचलायची, 2 आला की मधलं बोट. त्याच वेळी पडद्यावरचा हातही एक बोट उचलतो, कधी तेच, कधी दुसरं. दुसरं उचललं की आपल्याला उशीर होतो. मी हा खेळ कॉलेज रोडवर, मिसळ येईपर्यंत, मित्रासोबत खेळलो. मी ‘एक’ म्हणायचो आणि मुद्दाम मधलं बोट उचलायचो. पठ्ठ्याची दोन्ही बोटं टेबलावर थरथरली, मधलं अर्धवट उठलं, परत टेकलं आणि मग तर्जनी वर आली. ‘च्यायला, धरून ठेवावं लागतंय रे!’ तो म्हणाला. प्रयोगशाळेत ही अडखळ सेकंदाच्या काही शतांश भागांत मोजली जाते, आणि बहुतेक वेळा उठायला हवं तेच बोट उठतं. म्हणजे ज्या प्रयोगाच्या जिवावर ‘आपण तेच करतो’ म्हटलं जातंय, त्यात माणसं बहुतेकदा ते करतच नाहीत.

शिवाय ही ओढ काही दगडावरची रेघ नाही. सिसिलिया हेज यांच्या गटाने 2005 साली लोकांकडून उलटा सराव करून घेतला: समोरचा हात उघडला की आपला मिटायचा. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत ती ओढ दिसली नाही.

‘10 सेकंदां’चं थोडक्यात सांगतो. तो 2008 सालचा, जॉन-डिलन हेन्स यांच्या गटाचा प्रयोग. डावं बटण की उजवं, एवढाच निर्णय होता, आणि मेंदूच्या स्कॅनवरून केलेला अंदाज साधारण 60 टक्के वेळा बरोबर आला. नाणं उडवून 50 टक्के येतोच की!

राहिला विश्वासाचा मुद्दा. हा ऐकायला सगळ्यात झकास आणि तपासायला सगळ्यात पोकळ. 2008 साली व्होस आणि स्कूलर यांना आढळलं होतं, की इच्छास्वातंत्र्य नाही असा उतारा वाचलेले लोक जास्त लबाडी करतात. बातमी जगभर गेली. 2015 च्या मोठ्या फेरतपासणीत तो परिणाम सापडला नाही. ती बातमी कोण फॉरवर्ड करणार? ऑलिव्हर गेनशो आणि सहकाऱ्यांनी 2022 साली असे अनेक अभ्यास एकत्र तपासले. उतारे वाचून विश्वास थोडा हलतो, पण त्याने वागणं बदलतं याला पुरावा मिळाला नाही. आणि नक्कलेचं म्हणाल, तर 2021 साली नेमकं तेच तपासलं गेलं. विश्वास कमी म्हणून नक्कल जास्त, असं काही आढळलं नाही.

इच्छास्वातंत्र्य मुळात आहे का, हा वाद तत्त्वज्ञांचा, तो बोटं मोजून मिटणार नाही. पण सिग्नलचं मी स्वतः पाहिलंय. काल मुंबई नाक्यावर लाल दिवा असताना एक ॲक्टिव्हा सरकली, तिच्यामागे सात-आठ गाड्या सरकल्या. माझाही हात ॲक्सिलरेटरवर पिळला गेला, गाडीने हिसका दिला, मी ब्रेक दाबला. शेजारी दुधाचे कॅन लावलेला एक बाईकवाला दोन्ही पाय रस्त्यावर टेकवून उभा होता. मागून हॉर्न वाजत होते. गडी हलला नाही.