मूल 'व्हिज्युअल' आहे म्हणून त्याला थाटांचा तक्ता पाठ करायला लावताय?

आमच्या क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असा, की प्रत्येक मूल व्हिज्युअल (बघून शिकणारं), ऑडिटरी (ऐकून शिकणारं) नाहीतर कायनेस्थेटिक (हाताने करून शिकणारं) असतं, दहा प्रश्नांच्या टेस्टमध्ये ते कळतं, आणि संगीताची थिअरी त्याच्या टाइपप्रमाणे शिकवली की पटकन डोक्यात जाते. व्हिज्युअलला तक्ते आणि नोटेशन द्या, ऑडिटरीला नुसतं ऐकवा, लिहायला लावू नका, कायनेस्थेटिकला टाळ्या वाजवायला लावा. आणि शेवटी ठळक अक्षरात, थिअरी जमत नसेल तर दोष शिकवणाऱ्याचा. खाली हात जोडलेले चार इमोजी.

मी पेटी आणि गाणं शिकवते, तेही बहुतेक पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ते टाइपचं बघू. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात हे कोण नाकारतंय, कुणाला रंगीत पेनं लागतात, कुणी एका जागी बसतच नाही. पण आवडणं वेगळं आणि त्यानेच जास्त येणं वेगळं. 2008 साली हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी यावरचं तोवरचं संशोधन चाळून काढलं, प्रश्न साधाच होता, टाइपप्रमाणे शिकवलं तर उलट शिकवण्यापेक्षा मुलांना जास्त येतं का? तसं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही, आणि नीट पद्धतीने केलेल्या काही अभ्यासांत तर उलटंच दिसलं. आता इतकी वर्षं झाली तरी मेसेज फिरतोयच.

'व्हिज्युअल मुलाला तक्ता द्या.' दिला होता ना! माझ्याकडे एक नऊ वर्षांचा मुलगा आहे, टेस्टमध्ये व्हिज्युअल निघालेला, आईने दहाही थाटांचा, म्हणजे राग ज्यांत वाटलेत त्या स्वरांच्या साच्यांचा, रंगीत तक्ता करून भिंतीवर लावलाय आणि पोरगा घडाघडा म्हणतो, काफीत ग-नी कोमल, भैरवात रे-ध कोमल. मी पेटीवर काळी एकचा, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा सा धरून सा-रे-ग वाजवलं, ग कोमल, म्हणजे शुद्धपेक्षा अर्धा स्वर खालचा घेतला, आणि विचारलं काफी का बिलावल? (बिलावलात सगळे स्वर शुद्ध.) तर म्हणे, मॅडम, पेटी दिसू दे ना. पेटी फिरवली, पांढरी तीन दाबलेली दिसली, लगेच म्हणाला काफी. बरं. मग मी सा बदलला, पांढरी एक धरली आणि पुन्हा सा-रे-ग. आता पांढरी तीन म्हणजे शुद्ध ग झाला, पण त्याने पट्टी बघितली आणि पुन्हा काफीच सांगितलं. डोळ्यांनी पाठ केलेलं डोळ्यांनीच फसवलं त्याला. कोमल म्हणजे सा पासून किती लांब, हे कानाला कळायची गोष्ट आहे, ते आधी कळलं की मग तक्ता कामाचा, त्याआधी ते नुसतं पाढे म्हणणं.

आणि नोटेशन डोळ्यांचं असतं म्हणणाऱ्यांनी गायक विष्णु दिगंबर पलुस्करबुवा आठवावेत. त्यांची नजर लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली, आणि त्यांनीच स्वतःची स्वरलिपी बसवली.

ऑडिटरीला लिहायला लावू नका म्हणे. माझे एक विद्यार्थी आजोबा आहेत, भजनी मंडळात तीसेक वर्षं गातायत, कान असा की पेटीची पट्टी जरा उतरलेली असली तर माझ्याआधी त्यांना कळतं. त्यांना दहा मात्रांच्या (ठोक्यांच्या) झपतालाची दुगुन, म्हणजे तेच बोल दुप्पट वेगाने, काही केल्या जमेना, मी म्हणून दाखवायचे, ते मागे म्हणायचे, दर वेळी पाचव्या मात्रेलाच एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा संपायचा आणि त्यांना वाटायचं सम, म्हणजे पहिली मात्रा आली. शेवटी वहीत एक ते दहा आकडे लिहिले आणि प्रत्येकाखाली दोन-दोन बोल मांडले, धीना, धीधी, नाती, नाधी, धीना, आणि सहाव्याखाली परत धीना. दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, अहो म्हणजे हात तोच राहतो, बोल दोनदा जातात! तीन आठवडे ऐकून जे झालं नाही ते एका कागदाने झालं. आता त्यांना काय म्हणायचं, व्हिज्युअल?

कायनेस्थेटिकचं तर विचारूच नका. तबल्याइतकं हाताचं वाद्य नाही आणि तबला शिकवतात तोंडाने, पढंत करून घेऊन, बोल तोंडात बसले की मग हात. म्हणजे बोलणं, ऐकणं, हात सगळं एकाच वेळी, तुम्ही वेगळं कसं काढणार? नुसत्या टाळ्यांचं म्हणाल तर रूपक ताल घ्या. सात मात्रा, पण समेवरच खाली, पहिल्या मात्रेला टाळी नाही, हात उलटा. एक मुलगी टाळ्यांवरच शिकलेली आली, रूपकाच्या समेला जोरात टाळी, आणि हाताला ती इतकी पक्की बसलेली की सोडवायला दोन महिने गेले. बाकी तालांत सम म्हणजे टाळी, इथे तसं नाही, बोलही तिं तिं ना ने सुरू होतात, धा नाहीच, एवढं कुणी बसून बोलून सांगितलं असतं तर मुळात चुकलंच नसतं.

दोष शिकवणाऱ्याचा, यातलं थोडं मी मान्य करते. पण फरक टाइपचा नसतो, मूल काय घेऊन आलंय त्याचा असतो. ज्याच्या घरी भजन चालतं त्याला सम सांगावी लागत नाही. आणि एक कुणी बोलत नाही ते, इंग्रजी माध्यमातल्या मुलांना बंदिशीचं देवनागरी वाचायलाच वेळ लागतो, मग ती ताल सोडतात, आणि आपण म्हणतो हा व्हिज्युअल नाही. अरे, त्याला आधी 'ध' आणि 'घ' तरी वेगळे ओळखू देत.

त्या तक्तेवाल्या मुलाच्या आईने मेसेजखाली मला टॅग करून विचारलंय, मग आता याचा टाइप नक्की कुठला? मी लिहिलं, शनिवारी वही न देता पाठवा, पेटीकडे पाठ करून बसवणारे.