गुलाबी कंपासपेटी आणि ग्रुपवरचा व्हिडिओ

चार दिवस झाले, आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दंगा चाललाय. कुणीतरी कार्टून पिक्चरचा तुकडा टाकला. दोन बायका एकमेकींचा मुका घेतात, मोजून दोन-चार सेकंद. खाली लिहिलंय, "बघा, आपल्या पोरांना काय शिकवूलालेत."

तो पिक्चर २०२२ चा, 'लाइटइयर'. त्या दोन-चार सेकंदांसाठी आखाती देशांसह डझनभराहून जास्त देशांनी तो थेटरात लावू दिला नाही. आमच्या ग्रुपवर तो आत्ता पोचला.

मी ग्रुपवर काही लिहिलो नाही. गिऱ्हाईक आहेत सगळे. इथं लिहितो.

बेळगावच्या शहापुरात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. जून महिना आमची दिवाळी. गेल्या जूनमध्ये पहिलीतला एक पोरगा गुलाबी कंपासपेटी धरून बसला. झाकणावर राजकन्या, बाजूला खटका. खटका दाबला की शार्पनर टुणकन बाहेर. पोराचा जीव खटक्यावर होता, राजकन्येकडे त्यानं बघितलंही नसेल. बाप म्हणाला, "ते पोरींचं हाय की रे, ठेव तिकडं." निळी घेऊन दिली. निळीला खटकाच नव्हता. पोरगा दुकानाबाहेर जाईपर्यंत निळीच्या झाकणावर अंगठा दाबत होता.

बापाला काय बोलणार? डावीकडं निळं, उजवीकडं गुलाबी, ही मांडणी माझीच. घाऊकवाला बिलातच 'बॉईज' आणि 'गर्ल्स' लिहून पाठवतो, मी तसंच लावतो. म्हणजे मुलाला मुलासारखं आणि मुलीला मुलीसारखं कसं वागायचं हे शिकवण्याचा धंदा आम्ही सगळे रोज करतोच. कार्टूनवाल्यानं दुसरं काही दाखवलं की मात्र ती 'शिकवणूक' होते.

ग्रुपवर सगळ्यात जास्त अंगठे मिळालेलं वाक्य : "हे सगळं बाहेरनं आलंय." आता यल्लमाची सौंदत्ती कुठं बाहेर आहे? जिल्ह्यातलीच की. लहानपणी मंगळवारी-शुक्रवारी आमच्या दारात यल्लमाला सोडलेला जोगत्या यायचा. डोक्यावर देवीचा जग, हातात परडी, लुगडं नेसलेला, आणि आवाज बाप्याचा. आजी परडीत जोंधळे घालायची, भंडारा लावून घ्यायची, मला वाकायला लावायची. कुणी म्हटलं नाही की पोराच्या मनावर परिणाम होईल. त्या परंपरेचे गोडवे मला गायचे नाहीत. घरात जागा नसली की देवीच्या पायरीवर जागा, एवढाच तो सौदा असायचा. खरं, 'आमच्यात असलं नव्हतं' हे मात्र म्हणू नका.

याच परंपरेतल्या मंजम्मा जोगती. २०१९ साली कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री घ्यायला गेल्या तेव्हा पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली. तो व्हिडिओ याच ग्रुपवर हात जोडून फिरला होता. टाकणारे बरेचसे हेच लोक.

आणि नाटकाचं तर विचारूच नका. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या कंपनीतून पुढं आलेल्या बालगंधर्वांचं बघून घरंदाज बायका साडी नेसायला शिकल्या, हे आपण अभिमानानं सांगतो. शिवजयंतीच्या चित्ररथावर आमच्या गल्लीची जिजाऊ दोन वर्षं मीच होतो. मिशी फुटली, तेव्हा पद गेलं.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. चालणं-बोलणं नाजूक, मुलींबरोबर काचापाणी खेळायचा. त्याला आम्ही काय काय म्हणायचो ते इथं लिहीत नाही, तुम्हाला शब्द माहीत आहेत. मीही म्हणायचो. म्हणजे लुगडं नेसून चित्ररथावर उभा राहणारा मी मर्द, आणि साध्या शर्ट-चड्डीतला तो टिंगलीला. सातवीनंतर तो शाळेत आला नाही. आज आठवतंय की तोपर्यंत टीव्हीवर, सिनेमात असा माणूस आम्ही बघितला होता तो फक्त हसायच्या जागेवर. तो आला की थेटर हसायचं. आम्ही वर्गात तेच करत होतो.

त्यामुळं पोरांना हे दाखवावं की नको, हा प्रश्न मला खोटा वाटतो. दाखवत तर आपण होतोच.

अमेरिकेत 'आर्थर' नावाची लहान मुलांची मालिका होती. २०१९ च्या एका भागात गुरुजींचं लग्न एका पुरुषाशी होतं. मुलं लग्नाला जातात, आणि त्यांची तक्रार एकच, गुरुजींनी नाचायला नको होतं. संपलं. अलाबामातल्या सरकारी टीव्हीनं तो भाग दाखवलाच नाही. आपल्याकडं २०२१ मध्ये एनसीईआरटीनं तृतीयपंथी मुलांना शाळेत कसं सांभाळून घ्यावं याची एक पुस्तिका काढली. मुलांसाठी नव्हे हं, शिक्षकांसाठी. बालहक्क आयोगानं हरकत घेतली आणि थोड्याच दिवसांत ती वेबसाइटवरून गायब.

वयाचा मुद्दा मला मान्य आहे. सहा वर्षांच्या पोराला मुके दाखवायची गरज नाही, कुणाचेच. पण मग गॅदरिंगला पहिलीच्या पोरींना कंबर हलवायला लावून कसली गाणी लावतो आपण? तिथं पहिल्या रांगेत मोबाइल धरून कोण बसतं?

आणखी एक. या गावात पाटीवर आपली अक्षरं किती मोठी, यावर आपल्या तीन पिढ्या भांडल्या. आता ६० टक्के कन्नडचा नियम आलाय, माझीही पाटी बदलली. दुकानाला त्यानं तोटा काही झाला नाही. तरी पाटीकडं बघितलं की पोटात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नुसतं 'दिसण्यानं' काय होतं, असं निदान बेळगावच्या मराठी माणसानं तरी दुसऱ्याला विचारू नये.

परवा मी कंपासपेट्या मिसळून लावल्या. दोघी-तिघींनी विचारलं, "मुलींचं कुठं ठेवलासा?" म्हटलो, सगळंच इथं आहे, बघा. एकीनं बघितलं. बाकीच्या शेजारच्या दुकानात गेल्या.

माझ्या वर्गातल्या त्या मुलाची आई अजून माझ्याकडं येते, धाकट्याच्या पोरांसाठी वह्या न्यायला. सुट्टे पैसे मोजून देते, माझ्या आईची चौकशी करते. त्याच्याबद्दल मी तिला आजपर्यंत काहीच विचारलेलो नाही.