बुकमार्कात सोनं आहे म्हणता? आधी डिलिशसचा हिशोब बघा

गुंतवणुकीच्या गटांत एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. सार असं: लिंका म्हणजे बुकमार्क साठवणारी आणि प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे पान मांडून देणारी ॲप्स म्हणजे पुढची सोन्याची खाण. वापरणारा आपली आवड आपल्या हाताने लिहून देतो, एकदा आला की सुटत नाही, आणि शेवटी मोठी कंपनी दाम मोजून सगळं उचलतेच. तेव्हा आत्ताच पैसे लावा.

मी कितीतरी वर्षं लिंका साठवतोय, या साधनांवर माझा जीव आहे. पण पैसे लावायचे म्हटलं की हात आखडतो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण लोक भुलतात ते त्यालाच. मोठी कंपनी उचलते, हे खरंच आहे. 2003 साली सुरू झालेली लिंका साठवायची साइट डिलिशस, ती याहूने 2005 च्या डिसेंबरात घेतली. पाच वर्षांनी याहूची एक अंतर्गत स्लाइड फुटली, तिच्यात डिलिशसचं नाव गुंडाळायच्या यादीत होतं. 2011 मध्ये ते यूट्यूबच्या संस्थापकांकडे गेलं, मग आणखी हात बदलले, आणि 2017 मध्ये पिनबोर्ड नावाची तशीच साइट चालवणाऱ्या एकट्या माणसाने ते घेतलं 35,000 डॉलरला. एवढ्यात पुण्यात मोक्याच्या जागी वन बीएचके येत नाही. आवडीप्रमाणे नवनवी पानं सुचवणाऱ्या स्टंबलअपॉनसाठी ईबेने 2007 मध्ये साडेसात कोटी डॉलर मोजले, दोन वर्षांत ते संस्थापकांकडेच परत गेलं, 2018 मध्ये बंद पडलं. ‘नंतर वाचू’ म्हणून लेख साठवायचं ॲप पॉकेट फायरफॉक्सवाल्या मोझिलाने 2017 मध्ये घेतलं, 8 जुलै 2025 ला बंद केलं. पहिल्या विक्रीलाच बाहेर पडले त्यांचं भलं झालं असेल. पण हा मजकूर वाचून आत शिरणारा त्या रांगेत पहिला असतो का?

आता ‘आवड लिहून देतो’ हे. माझी यादी उघडली तर वर काय? मिक्सरच्या भांड्याचं रबर कुठे मिळेल, 2019 चा एक आयकर फॉर्म, बहिणीला पाठवायची म्हणून ठेवलेली अळूवडीची पाककृती, आणि ‘सवडीने वाचू’ म्हणून ठेवलेले तीन लेख, जे अजून तसेच आहेत. रबर तर केव्हाच आणून झालं. यातून जाहिरातदाराने काय ओळखावं? शिवाय लिंक ठेवायला दोन सेकंद लागतात आणि माणूस निघून जातो. जाहिरात दाखवायची कुठे?

इथे हमखास पिंटरेस्ट या चित्रं जमवायच्या साइटचं नाव येतं. 2019 च्या एप्रिलमध्ये 19 डॉलरने शेअर बाजारात आली ती कंपनी. पण तिथे लोक ब्लाउजचे गळे आणि किचनचे ओटे बघत तासभर रेंगाळतात, आणि चित्रांच्या ओळीत जाहिरातही चित्र होऊनच बसते. ते दुकानाचं शोकेस झालं. बुकमार्कांची वही वेगळी.

‘सुटत नाही’ हे तर साफ चूक. ब्राउझरमधून बुकमार्कांची फाईल काढा आणि नोटपॅडमध्ये उघडा: पहिल्याच ओळीत आजही नेटस्केप या जुन्या ब्राउझरचं नाव दिसतं. नव्वदीतला तो साचा बहुतेक सगळी साधनं वाचतात, त्यामुळे बिऱ्हाड हलवायला पाच मिनिटं पुरतात. आणि ब्राउझर हेच काम फुकट करतो. आपल्याकडे तर कित्येक जण व्हॉट्सॲपवर स्वतःलाच लिंक पाठवून मोकळे होतात.

आवडीप्रमाणे पान मांडून देणाऱ्या सेवांबद्दल फार लिहीत नाही. आपल्या मनासारखं मांडता येणारं गूगलचं पान आयगूगल आणि निवडलेल्या साइटांचे नवे लेख एकत्र दाखवणारं गूगल रीडर, दोन्ही 2013 मध्ये गेले. इन्स्टाग्रामच्या संस्थापकांचं बातम्यांचं ॲप आर्टिफॅक्ट 2023 च्या जानेवारीत आलं आणि वर्षभरात त्यांनीच जाहीर केलं की आम्ही हे आवरतोय, पुढे पैसे घालत राहावं एवढी मोठी ही बाजारपेठ नाही. घरचाच आहेर.

या धंद्यात पैसाच नाही असं मात्र नाही. पिनबोर्ड 2009 पासून आहे. सुरुवातीला प्रत्येक नव्या सभासदागणिक त्याची प्रवेश फी किंचित चढायची, आणि याहूची स्लाइड फुटली तेव्हा डिलिशसवाल्यांची तिकडे रीघ लागली. जाहिरात नाही, फुकट खातं नाही. एका माणसाचं पोट भरेल असं ते दुकान आहे, आणि बाहेरचा भागीदार त्याला लागतच नाही.