एक कप म्हणजे 250 ग्रॅम, पण कशाचे?

'एक कप म्हणजे 250 ग्रॅम आणि एक टेबलस्पून म्हणजे 15 ग्रॅम, मग पदार्थ कोणताही असो. एवढे पाठ असले की वजनकाट्याची गरज नाही,' असे सांगणारा तक्ता मोबाईलवर सर्रास फिरत असतो. त्यातील जवळजवळ प्रत्येक विधान एखाद्याच पदार्थापुरते खरे आहे.

कपापासून सुरुवात करू. 250 मिलिलिटरच्या कपात बरोबर 250 ग्रॅम भरते ते पाणी, आणि दूध त्याहून किंचित जास्त. त्याच कपात तेल सुमारे 230 ग्रॅम, साखर सुमारे 210 ग्रॅम, मैदा जेमतेम 130 ग्रॅम, तर मध 350 ग्रॅमच्या आसपास भरतो, कारण द्रवांची घनता निरनिराळी असते आणि पिठाच्या कणांमध्ये भरपूर हवा असते. नानकटाईच्या कृतीत 250 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम तूप आणि 125 ग्रॅम पिठीसाखर दिली असेल, तर तक्ता पाहणारी व्यक्ती एक कप मैदा, अर्धा कप तूप आणि अर्धा कप पिठीसाखर घेईल. प्रत्यक्षात मैदा निम्म्यावर येतो, पिठीसाखरही जवळपास निम्मीच पडते, तूप मात्र 114 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सांगितले तेवढेच राहते. अशी नानकटाई ट्रेमध्ये पसरली, तर दोष ओव्हनला देऊ नये.

शिवाय कप कोणता, हे तक्ता सांगतच नाही. अमेरिकन कप सुमारे 237 मिलिलिटरचा, मेट्रिक कप 250 चा, जपानी कप 200 चा, आणि राइस कुकरसोबत बहुधा 180 मिलिलिटरचा कप मिळतो. कप एकच असला तरी चाळलेला मैदा चमच्याने हलकेच भरला, तर अमेरिकन कपात 120 ग्रॅमच्या आसपास बसतो आणि डब्यात कप खुपसून भरला, तर 150 ग्रॅमपर्यंत जातो. धान्य पायलीने मोजले जाई तेव्हाही माप शिगोशीग की सपाट हे आधी ठरत असे, आणि पायलीभर ज्वारी व पायलीभर चुरमुरे सारख्याच वजनाचे असतात असे कोणी मानत नसे.

टेबलस्पूनची गत तीच आहे: 15 मिलिलिटरमध्ये मैदा सुमारे 8 ग्रॅम, तेल 14 आणि बारीक मीठ 18 ग्रॅम मावते, ऑस्ट्रेलियात तर टेबलस्पूनच 20 मिलिलिटरचा असतो.

यावरून वाटीचे माप त्याज्य ठरत नाही. 'एक वाटी रवा, पाऊण वाटी साखर, अडीच वाट्या पाणी' अशी कृती प्रमाणावर चालते, आणि वाटी एकच असेल तर तिचा आकार गौण ठरतो. घोटाळा होतो तो ग्रॅममध्ये लिहिलेली कृती एका ठोकळ आकड्याने वाटीत बसवताना. त्यासाठी रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि ती काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. मग ती कोरडी करून रवा, मैदा, साखर यांच्या सपाट वाटीचे वजन एकदाच टिपून ठेवावे. पाव टीस्पून सोडा मोजायला मात्र चमचाच बरा, कारण तो जेमतेम एक ग्रॅम भरतो आणि घरगुती काटे सहसा एवढ्या वजनाला भरवशाचे नसतात.