मारुतीच्या कमरेचा स्रोत द्या

गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की नाशकात घरटी एक पत्रकार तयार होतो. तो बातमी ढकलून चहाला मोकळा होतो. आम्ही खुल्या बातमी-प्रकल्पाचे स्वयंसेवक मात्र ती खरी आहे का, हे तपासत बसतो. बिनपगारी. वर आमचं लिखाण कोणीही सुधारू शकतं, आणि पहिला येणारा हमखास वेलांट्याच सुधारतो.

पुरावा ठरलेला: गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा फोटो. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला की डोक्यावरून, यावर नाशिककर पूर मोजतात. फोटो आजचाच का, असं विचारलं की उत्तर येतं, "अहो, आत्ताच तर आलाय!" आलाय खरा. पण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा धाडलेला फोटो मूळ वेळ-ठिकाणाची नोंद गाळून येतो, आणि फाइलच्या नावातली तारीख फोटो काढल्याची असेलच असं नाही. म्हणून ऑगस्ट २०१९ चा पूर दर पावसाळ्यात नव्याने येतो. "मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा" म्हणावं, तर भाऊ आधार कार्ड पाठवतात.

व्हिडिओ असेल तर त्यातली तीन-चार चित्रं थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचे आणि एकेक इमेज सर्चमध्ये टाकायचं. जुनं चित्र सापडलं तर प्रश्न मिटला. नाही सापडलं म्हणून ते नवं ठरत नाही, हे लोकांना पटवताना घसा बसतो. सावलीच्या दिशेवरून वेळ काढायची शास्त्रशुद्ध रीत आहे. तिला ऊन लागतं, आणि ते पुराच्या दिवशी कुठून आणायचं? त्यापेक्षा आपले फ्लेक्स बरे. मागे एखाद्या भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक दिसला की निदान फोटो कधीच्या आधीचा नाही, एवढं कळतं. शहर विद्रूप होतं हे मान्य, पण पडताळणीची सोय होते.

खरी डोकेदुखी आकड्यांची. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. गंगापूर धरणातून दहा हजार क्युसेक सोडले, तर ते सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटर झाले. ग्रुपवर त्याचं 'दहा हजार लिटर सोडलं' होतं. कोणी धरणाच्या साठ्याची टक्केवारीच विसर्ग म्हणून छापतो. कोणी नांदूरमध्यमेश्वरचा आकडा रामकुंडाच्या माथी मारतो. तो बंधारा शहराच्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या बाजूला आहे आणि तिथवर दारणेचंही पाणी गोदावरीला मिळालेलं असतं. त्या आकड्याने रामकुंडावर पाणी चढत नाही, फक्त सराफ बाजारातल्यांचा रक्तदाब चढतो.

म्हणून आमची मागणी साधी: फोन आडवा धरा, तारीख-वेळ तोंडाने बोला, मारुतीपासून होळकर पुलापर्यंत वीसेक सेकंद न थांबता सावकाश फिरवा, वर गाणं लावू नका. आणि हो, पाण्यात उतरू नका. व्हिडिओ तुम्हीच काढलाय आणि खुल्या परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरता येईल असा देताय, एवढं लिहून द्या. यातलं गाण्याचं कलम सोडून बाकी सगळं लोक ऐकतात. मारुती बुडत असताना मागे डीजे.

एवढं करून मजकूर तपासणीला जातो. विकिपीडियाचं बातम्यांचं भावंड असलेल्या विकिन्यूजच्या धर्तीवर दोन स्वतंत्र स्रोत लागतात. एकाच फॉरवर्डच्या दोन प्रती चालत नाहीत, हे पुन्हा समजवायचं. तपासणारे गृहस्थ परगावचे. त्यांची टिप्पणी येते: "कमरेपर्यंत म्हणजे किती मीटर? आणि कोणत्या तोंडाच्या बाजूने?"