किंबर्लीचे डोळे आणि तो फिरणारा मेसेज

ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर काही आठवडे एक मेसेज फिरतोय. ‘या श्रीमंत देशानं ॲबोरिजिनल (इथल्या मूळ रहिवासी) लोकांना डोळ्यांचे डॉक्टर द्यायचे सोडून व्हिडिओ कॉलवर बोळवण केली. स्क्रीनवर डोळा तपासता येत नाही. तिकडे नेटवर्क नाही. आणि त्या लोकांना तरी उपचार कुठे हवे असतात?’ हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझे मित्रही आहेत. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर आणि डोळे तपासणारी, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला किंबर्लीत कामासाठी जात असते. त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी स्क्रीनचं. मोबाईल डोळ्यासमोर धरून कुणी तपासत असतं, तर मीही हेच म्हटलं असतं. मागच्या फेरीतलं सांगते. किंबर्लीतल्या हॉल्स क्रीक या गावाच्या पलीकडच्या एका वस्तीतल्या दवाखान्यात साठीच्या एक बाई आल्या. तिकडे वडीलधाऱ्या बायकांना ‘आंटी’ म्हणतात. मधुमेह जुना, पण ‘मला सगळं नीट दिसतं’ असं त्यांचं म्हणणं, आणि तक्त्यावरची अगदी खालची ओळही त्यांनी वाचून दाखवली. खिडकीला चादर लावून खोली अंधारी केली. आंटींनी डोळ्यांच्या कॅमेऱ्यावर हनुवटी टेकवली, आरोग्यसेविकेनं त्यांना क्रिओल या तिथल्या बोलीत हिरव्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं, फ्लॅश पडला. डोळ्याच्या पडद्याचा फोटो उमटला: नारिंगी पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके, आणि एका बाजूला नव्यानं उगवलेल्या नाजूक रक्तवाहिन्यांची जाळी. हे फोटो, डोळ्यांचा दाब, स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून) मला जे दिसलं ते, असं सगळं दूरच्या नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांनी पाहिलं आणि मग ते व्हिडिओवर आले. लेझर करायचं हे तिथंच ठरलं. मधुमेहात पडदा असाच खराब होतो, बरेचदा काहीही न जाणवता. दिसेनासं झाल्यावर आलेल्या माणसाची गेलेली नजर आम्हाला बहुतेकदा परत देता येत नाही.

कॅमेऱ्याचंही अडतं. मोतीबिंदू फार पिकला असेल तर मागचा पडदा फोटोत येत नाही. अशा माणसाला प्रत्यक्ष तपासणीलाच पाठवावं लागतं, आणि पाठवतात.

डॉक्टर देण्याऐवजी व्हिडिओ दिला, हा दुसरा आरोप. किंबर्लीचं क्षेत्रफळ चार लाख चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठं, आणि वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. पर्थ ते ब्रूम रस्त्यानं सुमारे 2,200 किलोमीटर. डॉक्टर तिथं येतात. लायन्स आउटबॅक व्हिजन या नेत्रसेवेची तपासणीची मोठी गाडीसुद्धा फिरते. टेलिहेल्थ, म्हणजे ही व्हिडिओवरची तपासणी, दोन फेऱ्यांच्या मधल्या काळासाठी आहे. पूर्वी मोतीबिंदूच्या रुग्णाला नुसतं ‘ऑपरेशन करू’ हे ऐकायला एकदा लांबवर जावं लागे, आणि ऑपरेशनला पुन्हा. आता पहिलं बोलणं गावातच होतं, एक खेप वाचते. ऑप्टोमेट्रिस्टनं रुग्णाजवळ बसून तज्ज्ञाला व्हिडिओवर घेण्याचे पैसे मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना 2015 पासून देते. 2016 पासून मधुमेह असलेल्या ॲबोरिजिनल माणसाच्या पडद्याचा फोटो गावच्या दवाखान्यात दरवर्षी काढण्याचीही सोय झाली.

नेटवर्कचा मुद्दा खरा, पण फोटोला चालू लाईन लागत नाही. आज काढून ठेवायचा, रेंज आली की पाठवायचा.

शेवटचं वाक्य मला सगळ्यात लागलं. ‘त्या लोकांना उपचार कुठे हवे असतात?’ 2008 च्या राष्ट्रीय पाहणीत ॲबोरिजिनल मुलांची नजर इतर मुलांपेक्षा चांगली निघाली, आणि चाळिशीपुढच्या मोठ्यांत अंधत्व मात्र सहापट. अधू झालेल्या नजरेपैकी 94 टक्के टाळता किंवा सुधारता येण्याजोगी होती. आणि 35 टक्के मोठ्या माणसांचे डोळे जन्मात कुणी तपासलेच नव्हते. ज्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही, त्यांनी नकार दिला असं कसं म्हणायचं? 2016 च्या पाहणीत हा फरक सुमारे तिपटीवर आला. श्रेय एकट्या कॅमेऱ्याचं मुळीच नाही. चष्मे, ऑपरेशनं, वाढलेल्या फेऱ्या, सगळ्यांचं आहे.

लोक न येण्याची कारणं मी पाहिली आहेत. वस्तीत कुणी वारलं की ‘सॉरी बिझनेस’ सुरू होतो. आपल्या सुतकासारखंच, पण सगळी वस्ती त्यात असते. नेमका त्याच दिवशी डॉक्टर आले तर दवाखाना रिकामा, आणि डॉक्टरांची पुढची फेरी काही महिन्यांनी. व्हिडिओची वेळ पुढच्या आठवड्यावर ढकलता येते. शिवाय समोर आपल्या भाषेत बोलणारं आपलंच माणूस असलं की लोक निर्धास्त बसतात. 1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःचा दवाखाना काढला, तो याच गरजेतून.

मेसेज लिहिणाऱ्याला खरंच चीड असेल तर ती ऑपरेशनच्या रांगेबद्दल असावी. मोतीबिंदूसाठी ॲबोरिजिनल रुग्णांना इतरांपेक्षा जास्त थांबावं लागतं. व्हिडिओनं निदान लवकर होतं, ऑपरेशनचं टेबल लवकर मिळत नाही. ऑपरेशनचे दिवस वाढवायला पैसे लागतात आणि ते मागायलाच हवेत.

आंटींना लेझरची तारीख ब्रूमची मिळाली, हॉल्स क्रीकपासून सुमारे 700 किलोमीटर. गाडी कोण देणार, सोबत कोणती लेक जाणार, रात्री राहायचं कुठे, हे त्या दुपारी आरोग्यसेविकेनं अर्धा तास फोनला चिकटून ठरवलं.